नामपूरचा कॉलेज पैलवान : येत्या हंगामाचा हिशेब

बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या काठी असलेले नामपूर बाहेरच्यांना कांद्याच्या बाजारामुळे माहीत आहे. गावोगावच्या यात्रांमुळे या भागाला कुस्तीही तितकीच जवळची आहे. यात्रेच्या शेवटच्या दिवशी दंगल भरते. सुरुवातीला लहान मुलांच्या रेवडीवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्या लागतात आणि ऊन कलले की मानाची जोड मैदानात उतरते. आपल्या घरांतील मुलेही हे बघतच मोठी होतात. बागवानाचा असो, पिंजाऱ्याचा असो, तांबोळ्याचा असो की मण्याराचा, मैदानाच्या कडेला बसलेल्या पोराला शड्डूचा आवाज आला की त्याचे हात आपोआप मांडीवर जातात.

कुस्तीचे आणखी एक मैदान असते, तिथे मात्र हलगी वाजत नाही. ते महाविद्यालयाचे मैदान. दिवाळीच्या आगेमागे महाविद्यालयांचा कुस्ती हंगाम सुरू होतो आणि नामपूरसारख्या गावात विचारणा सुरू होते, "यंदा आपल्या कॉलेजचे काय होणार?" उत्तर बहुधा एखाद्या तगड्या मुलाचे नाव घेऊन दिले जाते. पण संघाची आशा एका मुलावर टिकत नाही. ती कशावर टिकते आणि त्यात आपल्या घरांचा वाटा किती, हे हंगाम तोंडावर असताना समजून घेतलेले बरे.

हंगामाच्या पायऱ्या

नामपूरचे महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येते. विद्यापीठाच्या क्रीडा स्पर्धांसाठी पुणे शहर, पुणे ग्रामीण, अहिल्यानगर आणि नाशिक असे विभाग आहेत. पहिली पायरी नाशिक विभागातील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची. तिथे जिंकणारा विभागाच्या संघातून आंतरविभागीय स्पर्धेला जातो. तिथूनही जिंकला तर विद्यापीठाचा रंग अंगावर चढतो आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेचा रस्ता खुला होतो. ही स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघ घेतो. 2020 पासून खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स ही आणखी वरची पायरी झाली आहे आणि कुस्तीला त्यात स्थान आहे.

या जिन्याची खुबी अशी की तो गाव पाहत नाही. क्रिकेट किंवा कबड्डीत अख्खा संघ चांगला असावा लागतो. कुस्तीत दोनशे मुलांच्या कॉलेजातला एक मुलगा आपल्या वजनगटात पुण्यातल्या मोठ्या कॉलेजच्या मुलाला चितपट करून थेट विद्यापीठ संघात जाऊ शकतो. नामपूरला जी आशा आहे ती इथे आहे.

पण जिन्याच्या पहिल्याच पायरीवर कित्येकजण घसरतात आणि तेही कुस्ती न खेळता. पात्रता अर्जासोबत दहावी-बारावीची गुणपत्रके, जन्मतारखेचा पुरावा, प्रवेशाची पावती आणि ओळखपत्र लागते. आपल्याकडे एकाच मुलाचे नाव आधार कार्डावर 'मोहम्मद', गुणपत्रकावर 'मोहंमद' आणि शाळेच्या दाखल्यावर नुसते 'मो.' असे असते. कुठे वडिलांचे नाव आधी, कुठे आडनाव गायब. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ही चूक सापडली तर वर्षभराची मेहनत टेबलावरच संपते. हे काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घरात बसून करता येते.

रिकाम्या गटांची गोष्ट

कुस्तीत संघाची ताकद मोजायची एक सोपी रीत आहे. कागदावर वजनगट लिहावेत आणि प्रत्येकासमोर नाव लिहावे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पुरुषांच्या फ्रीस्टाईलमध्ये दहा गट आहेत : 57, 61, 65, 70, 74, 79, 86, 92, 97 आणि 125 किलो. ग्रीको-रोमन प्रकारातही 55 पासून 130 किलोपर्यंत दहा गट आहेत. मुलींचे 50 ते 76 किलोपर्यंत आणखी दहा. म्हणजे एकूण तीस जागा.

आता ग्रामीण कॉलेजचा कागद बघा. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचे वजन साधारण पंचावन्न ते सत्तरच्या दरम्यान असते. त्यामुळे 57, 61 आणि 65 किलोच्या गटांसमोर दोन-दोन, तीन-तीन नावे येतात आणि त्यातले एकच पुढे जाते. 86 च्या पुढे कागद कोरा. ग्रीको-रोमनचा रकाना बऱ्याचदा पूर्ण रिकामा आणि मुलींचाही तसाच. रिकाम्या गटात कुस्ती न खेळताच गुण जातात. म्हणून संघाची वाढ हवी असेल तर आहे त्या पैलवानाला आणखी बलवान करणे हा एक मार्ग, आणि रिकाम्या गटासमोर एक नवे नाव लिहिणे हा दुसरा. दुसरा मार्ग पुष्कळदा जवळचा असतो.

गावात अंगापिंडाने भरलेला, पोती उचलून खांदे तयार झालेला एखादा मुलगा असतोच. तो कॉलेजात नाव घालतो आणि दिवसभर बाजार समितीत किंवा चुलत्याच्या गॅरेजमध्ये असतो. पट काढण्यात तो कच्चा असेल, पण कंबरेच्या वर त्याची पकड घट्ट असेल तर ग्रीको-रोमन त्याच्यासाठीच आहे. त्या प्रकारात कंबरेखाली हात लावता येत नाही आणि पायाचा डावही चालत नाही. अशा मुलाला शारीरिक शिक्षण संचालकांनी हेरले आणि घरच्यांनी रोज दोन तास सोडले, तर एका हंगामात एक कोरा रकाना भरतो.

निवडीची कुस्ती ही काही आजची रीत नव्हे. उहुदच्या लढाईपूर्वीची हकिकत सीरतच्या ग्रंथांत येते. कोवळ्या वयाच्या मुलांना सैन्यातून परत पाठवले जात होते. राफे बिन खदीज यांना तिरंदाजी चांगली येत असल्यामुळे परवानगी मिळाली. तेव्हा समुरा बिन जुंदुब यांनी आपण कुस्तीत राफेंना हरवू शकतो असे सांगितले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोघांची कुस्ती लावली, समुरांनी ती जिंकली आणि त्यांनाही घेण्यात आले. नात्यागोत्यावर किंवा शिफारशीवर नव्हे, कसोटीवर निवड झाली. संघ निवडणाऱ्याने आणि निवडीत हरलेल्या मुलाच्या वडिलांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

माती आणि मॅट

आपल्या भागातला मुलगा मातीत तयार होतो. तांबड्या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर घालून हौदा तयार करतात. त्या मातीत अंग घट्ट होते आणि पकडीला जोर येतो. पण कॉलेजची कुस्ती मॅटवर होते आणि तिचा हिशेब वेगळा आहे. मातीत पाठ लागेपर्यंत वाट पाहता येते. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मधे तीस सेकंदांची विश्रांती, एवढाच वेळ. ताबा घेतला की दोन गुण, प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर ढकलले की एक, मोठी उचल करून फेकला तर चार किंवा पाच. फ्रीस्टाईलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. सावकाश अंदाज घेत खेळणारा मातीतला पैलवान मॅटवर पहिल्या मिनिटातच चार-सहा गुणांनी मागे पडतो आणि मग घाईत चूक करतो.

या दोन जगांतला पूल बांधता येतो. राज्यात मानाची समजली जाणारी महाराष्ट्र केसरी स्पर्धा माती आणि गादी अशा दोन्ही विभागांत होते आणि दोन्हींचे विजेते गदेसाठी भिडतात. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला नाशिककडून खेळणाऱ्या हर्षवर्धन सदगीर यांनी लातूरच्या शैलेश शेळके यांना हरवून ही गदा जिंकली, तेव्हा जिल्ह्यातल्या मुलांना कळले की ही वाट आपल्या दारावरूनही जाते. कॉलेजकडे पूर्ण आकाराची मॅट नसेल तर आठवड्यातून दोनदा जवळच्या मोठ्या गावी, जिथे मॅट आहे तिथे, सराव ठेवावा. निदान घड्याळ लावून सहा मिनिटांच्या कुस्त्या मातीतच घ्याव्यात. वेळेची सवय मातीतही लागते.

पुस्तक आणि लांग एकत्र

आपल्या घरांत एक वाक्य नेहमी ऐकू येते : "एक तर शिक, नाही तर कुस्ती कर." या वाक्याला महाराष्ट्राच्या इतिहासात फार चांगले उत्तर आहे.

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. अंगाने लहानखुरे. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत त्यांना घ्यायला क्रीडाशिक्षक तयार नव्हते, म्हणून ते थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य खर्डेकरांनी परवानगी दिली आणि या मुलाने आपल्यापेक्षा दांडग्या मल्लांना पाडून दाखवले. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. 1952 ला हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. तेव्हा त्याच प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी 57 किलो गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला 1996 पर्यंत थांबावे लागले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी दमछाक करणारी कुस्ती झाल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत संघाकडून खेळणाऱ्या अझरबैजानच्या रशीद मामेदबेयोव्ह यांच्यापुढे उभे केले गेले. विश्रांतीचा नियम होता, पण त्यांच्या बाजूने भांडायला भारतीय अधिकारी तिथे नव्हता. परत आल्यावर कुस्त्यांची मैदाने भरवून त्यांनी प्राचार्यांचे पैसे फेडले.

या हकिकतीत शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली, देशाचे पहिले वैयक्तिक पदक कॉलेजच्या पैलवानाने आणले आणि त्यामागे एका प्राचार्याची जिद्द होती. दुसरी, मॅटच्या कडेला आपले माणूस असावे लागते. नामपूरचा मुलगा नाशिकला किंवा पुण्याला खेळायला जातो तेव्हा त्याच्यासोबत नियम जाणणारा कुणी आहे का, हे कॉलेजला विचारायचा पालकांना हक्क आहे.

ज्या कोल्हापुरात खाशाबा घडले तिथे हा पाया राजर्षी शाहू महाराजांनी घातला होता. 1902 मध्ये युरोपच्या दौऱ्यात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर खासबागचे मैदान बांधून घेतले. 1912 मध्ये या मैदानाचा शुभारंभ झाला तो गामा पैलवानांचे बंधू इमाम बक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीने. याच महाराजांनी 1906 मध्ये कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापून मुस्लिम मुलांच्या शिक्षणाची आणि वसतिगृहाची सोय केली. मुस्लिम मल्लांना मैदान आणि मुस्लिम मुलांना वसतिगृह, दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. त्याला त्यात विरोध दिसला नाही. आपल्यालाच तो का दिसावा?

आपला वारसा

तालीम या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण. वस्ताद म्हणजे उस्ताद. पैलवान, कुस्ती, जोर, खुराक हे सगळे शब्द फारसीतून मराठीच्या अंगणात आले आणि इतके मुरले की आता त्यांचे माहेर कुणी विचारत नाही. मराठी मुस्लिमांचेही तसेच आहे. या मातीत आपण पाहुणे म्हणून उतरलेलो नाही.

महाराष्ट्र केसरीच्या यादीवर नजर टाकली तर सोलापूर जिल्ह्यातल्या बोरामणीच्या एकाच शेख घराण्यातील तिघांची नावे दिसतात : 1980 ला इस्माईल शेख, 1992 ला आप्पालाल शेख, 2002 ला मुन्नालाल शेख. पुढे 2005 ला सईद चाऊस, 2018 ला करमाळा तालुक्यातल्या खडकीचे बाला रफिक शेख आणि 2023 ला मोहोळचे सिकंदर शेख. बाला रफिक यांनी कोल्हापुरात गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली धडे घेतले. बोरामणी, खडकी, मोहोळ ही सगळी साध्या माणसांची गावे आहेत. तिथे जमले ते बागलाणात का जमू नये?

धर्माच्या बाजूनेही कुस्ती परकी नाही. मक्केतील नामांकित मल्ल रुकाना यांच्याशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची कुस्ती झाली आणि रुकाना पाडले गेले, असा उल्लेख अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीस संग्रहांत आहे. त्याचबरोबर बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहांत असा आशय येतो की खरा बलवान दुसऱ्याला पाडणारा नसून रागाच्या वेळी स्वतःला आवरणारा असतो. वस्तादही वेगळे काय सांगतो? हात मिळवून सुरुवात, हात मिळवूनच शेवट, आणि तालमीबाहेर ताकद दाखवायची नाही. ज्याच्या अंगात ताकद आली पण जिभेवर आणि हातावर ताबा आला नाही, त्याला आखाड्यात पाठवून घराने काहीच कमावले नाही.

रमजान आता हंगामात येतो आहे

यंदा एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यायला हवी. चांद्रवर्षामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. काही वर्षांपूर्वी तो मे-जूनमध्ये यायचा, तेव्हा कुस्तीचा हंगाम संपलेला असे. 2026 मध्ये तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला. 2027 मध्ये तो 8 फेब्रुवारीच्या सुमारास, 2028 मध्ये जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल आणि 2030 मध्ये तर जानेवारीत एकदा व डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा येईल. चंद्रदर्शनानुसार एखादा दिवस मागेपुढे. आंतरविद्यापीठ स्पर्धा साधारण हिवाळ्यात होतात. म्हणजे पुढची काही वर्षे कॉलेजच्या मुस्लिम पैलवानाचा रमजान आणि हंगाम यांची गाठ पडत राहणार.

घाबरायचे कारण नाही, कारण हिवाळ्यातला रोजा लहान असतो. आपल्याकडे फेब्रुवारीत तो पावणेतेरा तासांच्या आसपास, तर मे-जूनमध्ये साडेचौदा तासांच्या घरात जातो. थंडीमुळे घामही कमी. पण वेळापत्रक बदलावे लागते. अंगमेहनतीचा सराव इफ्तारनंतर तासा-दीड तासाने किंवा तरावीहनंतर ठेवावा. असरनंतर फक्त डावांचा हलका सराव, जोर-बैठका नकोत. इफ्तार खजूर आणि पाण्याने करावा, भजी-समोशांनी पोट भरू नये. मगरिबनंतर नीट जेवण : भाकरी, डाळ, मटण किंवा अंडी, भाजी. सहेरीला दही, दूध, अंडी, केळी, भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे. पाणी एकदम लोट्याने न पिता इफ्तारपासून सहेरीपर्यंत थोडेथोडे प्यावे.

प्रवासात आणि आजारपणात रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनने दिलेली आहे. स्पर्धेसाठीचा प्रवास त्यात कसा बसतो, हे मुलाने स्वतः ठरवू नये, मित्रांनीही ठरवू नये. आपल्या विश्वासातल्या आलिमांना हंगामाआधीच विचारून घ्यावे, म्हणजे ऐन वेळी घरात वाद होत नाहीत.

खरी धोक्याची जागा वजनाची आहे. कुस्तीत स्पर्धेच्या सकाळी वजन होते. दोन दिवसांची कुस्ती असेल तर दोन्ही सकाळी. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचल्या आणि दुसऱ्या दिवशी फक्त शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे बाद झाल्या, हे सगळ्या देशाने पाहिले. हे टाळण्यासाठी मुले पाणी सोडतात, अंगावर प्लास्टिकचे जाकीट घालून धावतात. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत असेच वजन उतरवताना साधारण महिनाभरात तीन कॉलेज पैलवानांचा मृत्यू झाला. त्यानंतर तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने रबरी जाकिटे आणि बाष्पस्नानावर बंदी घातली आणि शरीरातील पाण्याची तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे हे पहारे देणारे कुणी नसेल, तर घराने द्यावेत. रोजा असताना पाणी तोडून वजन उतरवणे म्हणजे जिवाशी खेळ. शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही शिकवण आपल्याला हदीसमधूनच मिळालेली आहे. मुलाचा वजनगट दिवाळीच्या सुमारास ठरवावा आणि तो असा असावा की साधे जेवण जेवून, पोटभर पाणी पिऊन त्यात राहता येईल. वजन 63 असेल तर 57 चा हट्ट सोडून 65 मध्ये खेळावे.

बाजारात मिळणाऱ्या पावडरींच्या डब्यांविषयीही सावध राहावे. त्यात काय घातले आहे हे डब्यावर पूर्ण लिहिलेले असेलच असे नाही. उत्तेजक चाचणीत सापडला तर "मला माहीत नव्हते" हे उत्तर चालत नाही. कॅप्सूलच्या वेष्टनातले जिलेटिन कशापासून बनले, हा आपल्या घरांचा वेगळा प्रश्न आहेच. हरभरे, शेंगदाणे, गूळ, दूध, अंडी, खजूर हा खुराक स्वस्त आहे, ओळखीचा आहे आणि त्यात कुठली शंका नाही.

मुलींचा रकाना

कागदावरचा मुलींचा रकाना सगळ्यात जास्त रिकामा असतो, म्हणून याविषयी मोकळेपणाने बोलायला हवे. राज्यात 2023 मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. गावोगावच्या मुली त्याकडे बघत आहेत, आपल्याही.

आपल्या घरांपुढचे प्रश्न खरे आहेत आणि ते हसण्यावारी नेऊ नयेत. सराव कुणासमोर, शिकवणार कोण, मुक्कामी सोबत कोण, पोशाख कसा? पोशाखाचा प्रश्न मुलांनाही आहे, कारण स्पर्धेचा घट्ट पोशाख मांडीपर्यंतच येतो. यावर प्रत्येक घराचे मत एक असणार नाही. पण "नाही" म्हणण्याआधी विचारपूस तरी करावी. फक्त मुलींसाठी वेगळी वेळ, महिला प्रशिक्षक, बंद सभागृह, सोबत आईला किंवा मोठ्या बहिणीला नेण्याची परवानगी, या मागण्या पाच-सहा पालकांनी मिळून केल्या तर कॉलेज ऐकते. एकट्याने केल्या तर त्या तक्रारीसारख्या वाटतात. स्पर्धेला पाठवायचे नाही असे घराने ठरवले, तरी मुलीला बंद सभागृहात महिला प्रशिक्षकाकडून व्यायाम आणि स्वसंरक्षण शिकू देण्यात काय हरकत आहे? अंग बळकट असणे ही काही फक्त मुलांची गरज नाही.

पुढे पोटाचे काय?

वडिलांचा शेवटचा प्रश्न हाच असतो आणि तो रास्त आहे. यात्रेतल्या दंगलीतला इनाम हातात रोख पडतो. कॉलेजच्या स्पर्धेत प्रमाणपत्र मिळते. म्हणून मुलाला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर पळवण्याचा मोह होतो. विद्यापीठ स्पर्धेच्या आठवड्यात एखाद्या यात्रेची जोड घेतली, गुडघा गेला, तर इनामापेक्षा उपचाराचा खर्च मोठा होतो.

त्या प्रमाणपत्राची किंमत मात्र नंतर कळते. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कुठल्या स्पर्धेतली कुठली कामगिरी त्यासाठी ग्राह्य धरली जाते, याचे नियम ठरलेले आहेत आणि ते पालकांनी कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकांकडून वाचून घ्यावेत. मात्र बहुतेक पदांना पदवी लागते. पदवी नसलेल्या पैलवानाच्या हातात प्रमाणपत्र असूनही दार उघडत नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी यांनी 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा घेतली आणि पुढे ते पोलीस उपअधीक्षक झाले. असे यश प्रत्येकाला मिळत नाही. पण पोलीस भरती, सैन्य भरती, क्रीडाशिक्षकाची नोकरी या वाटा साध्या मुलासाठीही असतात, आणि त्या सगळ्या पुस्तकाच्या दारातूनच जातात.

आपल्या भागाची एक अडचण वेगळी आहे. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळी कांद्याची लागण असते. मजूर मिळत नाहीत, घरातला प्रत्येक हात शेतात लागतो, आणि नेमके तेव्हाच मुलाला सरावाला सोडायचे असते. दुकानदाराच्या घरात हीच ओढाताण बाजाराच्या दिवशी होते. अशा वेळी मुलाने पहाटे फजरनंतर तालीम उरकून सात वाजता शेतावर किंवा दुकानावर हजर व्हायचे आणि घराने स्पर्धेचे तेवढे तीन-चार दिवस सोडायचे, असा सौदा दोन्ही बाजूंनी पाळला तर कुणाचेच नुकसान होत नाही. फजरला उठणाऱ्या मुलाला तालमीसाठी वेगळे उठवावे लागत नाही, हा आपल्या घरांचा फायदाच आहे.

घराने करायची कामे

नामपूरच्या संघाचे यंदा काय होणार, याचे उत्तर आता थोडे सोपे होईल. कागदावर किती रकाने भरले, घड्याळ लावून सराव किती झाला, वजनगट वेळेवर ठरला का, आणि मुलांच्या मागे घरे उभी आहेत का, यावर ते ठरेल. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कॉलेजच्या हातात आहेत. उरलेल्या दोन आपल्या.

म्हणून हंगामाआधी घरात एवढे करावे. मुलाच्या कागदपत्रांतली नावे एकसारखी करून घ्यावीत. एकदा कॉलेजात जाऊन शारीरिक शिक्षण संचालकांना भेटावे आणि मुलगा कुठल्या प्रकारात, कुठल्या वजनात खेळणार ते विचारावे. स्पर्धेला सोबत कोण जाणार ते लिहून घ्यावे. अंगावर गजकर्ण उठले, कान सुजला, गुडघा दुखला तर लपवू नये, तेल चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. सरावाहून आल्यावर आंघोळ आणि रोज धुतलेला लंगोट, हा नियम अम्मीने मोडू देऊ नये. आणि मुलगा पहिल्याच फेरीत हरून आला, तर त्या रात्री त्याला शिकवणी देऊ नये. जेवायला वाढावे. काय चुकले ते त्याला आपल्यापेक्षा चांगले कळलेले असते.

हरलेला मुलगा दुसऱ्या दिवशी फजरला उठून पुन्हा तालमीत गेला, तर समजावे की नामपूरला पैलवान मिळाला. पदक आज नाही तर पुढच्या वर्षी येईल, इन्शाअल्लाह. अल्लाह आपल्या मुला-मुलींना बळ देवो, आणि त्या बळाला सबुरीची जोड देवो. आमीन.